दोन टक्के कोणाचे?

२०२० च्या पावसाळ्यात डिचोलीच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच आकडा होता, कोविडचा मृत्यूदर दोन टक्के. २२ जूनला गोव्यात कोविडचा पहिला मृत्यू नोंदला गेला. माणूस वयोवृद्ध होता, त्यामुळे 'पिकलं पान होतं' म्हणून लोक मोकळे झाले. फार्मसीच्या काउंटरमागून माझा एक जुना विद्यार्थी मला धीर देत म्हणाला, "टीचर, दोन टक्के म्हणजे कांयच न्हय." मी विचारलं, "कशाचे दोन टक्के?" तो हसला. दहावीला मी त्याचे गुण याच प्रश्नावरून कापत असे.

शेकडेवारीत वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, खालचा कुणी विचारत नाही. साथीच्या रोगात तर सगळी मेख खालच्या आकड्यातच असते. इस्पितळात आलेले धरले तर एक उत्तर येतं, चाचणीत सापडलेले धरले तर दुसरं. ज्यांच्या अंगात विषाणू शिरला पण ज्यांना साधी शिंकही आली नाही तेही धरले तर तिसरं, आणि गावातली झाडून सगळी डोकी धरली तर चौथं. वर्तमानपत्रं या चौघांनाही मृत्यूदर म्हणून मोकळी होतात.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, बाहेर पडायची बंदी होती, आणि आकड्यांचं वेड जुनं. मी एका वहीत साथी लिहून काढायला लागले. आधी टक्क्यांच्या क्रमानं. सगळ्यात वर रेबीज. लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ शंभर टक्के. त्याखाली इबोला, पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये २८ हजारांवर रुग्ण आणि ११ हजारांवर मृत्यू. मग मर्स (मध्यपूर्वेतला श्वसनाचा रोग), नोंदलेल्या रुग्णांत साधारण तिघांतला एक. २००३ चा सार्स, ८,०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्के. फ्लू या यादीत पार तळाला. १९५७ मध्ये 'एशियन फ्लू' सिंगापूरहून बोटीनं मद्रासला उतरला आणि देशभर पसरला, तेव्हा भारतात ४४ लाखांवर रुग्णांची नोंद झाली आणि मृत्यू १,०९८. चार हजारांमागे एक. (त्या गणतीत आम्ही नव्हतो. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि सीमेवर भारताची नाकेबंदी होती. ताप काही परवाना दाखवून येत नाही, पण नोंदी सीमेवर थांबतात.)

मग तीच यादी मी एकूण मृत्यूंच्या क्रमानं लावली, तर ती जवळजवळ उलटी झाली. सार्सचे अख्ख्या जगातले बळी आमच्याकडच्या एका पंचायतीच्या मतदारयादीत बसतील. ज्या १९५७ च्या फ्लूला चार हजारांत एक मारता आला, त्यानं जगभर दहा लाखांच्या वर माणसं नेली. कारण साधं आहे. सार्सचा रुग्ण ताप चढल्यावर, चांगला आजारी पडल्यावर जास्त पसरवायचा, तोवर त्याला वेगळं काढता यायचं. इबोलाचा रुग्ण अंथरुणाला खिळतो. फ्लूचा रुग्ण मात्र अंग मोडून यायच्या आदल्या दिवशीही बसमध्ये, लग्नात, देवळात असतो आणि विषाणू वाटत असतो. कमी मारणारा रोग जास्त माणसं मारतो ते असं.

भीतीचा हिशेब मात्र वेगळ्याच वहीत चालतो, आणि त्यासाठी मला आफ्रिकेत जायची गरज नाही. आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा रोग गेल्या दशकात सत्तरीतल्या पाली गावात निघाला, सीमेपलीकडे दोडामार्ग, बांद्यातही निघाला. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, म्हणजे बाजारातल्या त्या दोन टक्क्यांहून जास्तच. आणि तरीही फेब्रुवारी ते मे लोक काजूत जातात. खिळा लावलेल्या काठीनं पडलेला बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, बी पिशवीत, बोंडू डब्यात. हे सगळं सुक्या पाचोळ्यात घोटाभर पाय घालून. मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्याच पाचोळ्यात असतात, आणि त्यांची पिल्लं तिळाएवढीही नसतात. आरोग्य खातं अंगाला लावायचं तेल देतं. माझ्या ओळखीची एक बाई ते नेमानं पायांना चोळते, हातांना मात्र लावत नाही. बोंडवाला तेलाचा वास लागला तर फेणीचा भट्टीवाला घेत नाही, असं तिचं म्हणणं. तिला मी पाच टक्के समजावून सांगायला गेले, तर ती म्हणाली, "टीचर, काजू वर्षातून एकदाच पिकतात." या वाक्यापुढे माझी वही मिटली.

आता १९१८ कडे येते. माझी वही तिथंच सगळ्यात जास्त भरली.

मराठीत तिला मानमोडीची साथ म्हणत. मुंबईत १० जून १९१८ ला गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले. महायुद्धाच्या सैनिकांना घेऊन एक बोट आली होती, तिच्याकडे बोट दाखवलं गेलं. पहिली लाट सौम्य निघाली, पाऊस संपता संपता आलेली दुसरी नाही. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग. हिंदुस्थानात एकूण किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. जगात कुठल्याच एका देशात एवढे गेले नाहीत.

या साथीचा मृत्यूदर म्हणून पुस्तकांत अडीच टक्के छापलेला असतो. त्याच पुस्तकांत दोन पानं पुढे असंही असतं की जगात सुमारे पन्नास कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे पाच कोटी मेले. पाच भागिले पन्नास. चौथीतलं मूलही दहा टक्के सांगेल. अडीच टक्के आणि पाच कोटी ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, तरी वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी सुखानं नांदतात. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला पेपर तपासतानाचा तो ओळखीचा आसुरी आनंद झाला, हे लपवत नाही. त्या काळात मेलेल्यांचा नीट हिशेब नव्हता, आजारी पडलेल्यांचा तर नव्हताच. अडीच हा आकडा जिथं डॉक्टर होते, रजिस्टरं होती, तिथला. जिथं नव्हती तिथं जास्त माणसं मेली.

पण त्याहून महत्त्वाचं, मेलं कोण? नेहमीचा फ्लू तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. त्या साली तो वीस ते चाळिशीतल्यांवर घसरला. आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरातल्या दुखणेकऱ्यांची उस्तवार त्यांनीच केली असणार, आणि दुष्काळात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तेच त्यांच्या ताटात आलं असणार. मुंबईत जातवार, धर्मवार नोंदी आहेत. त्या वाचताना माझा पेन थांबला होता. ज्यांना सरकारी कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटलंय त्यांच्यात हजारी ६१ मृत्यू, इतर हिंदूंत १९ च्या आसपास, पारशांत ९, युरोपियनांत ८. विषाणू तोच, शहर तेच, महिने तेच. खोल्या तेवढ्या वेगळ्या.

त्या मुंबईत गोंयकारही होते, धोबीतलावाच्या कुडांत, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांत, एका खोलीत पेट्यांना पेट्या लावून राहणारे, बोटीवरच्या नोकरीची वाट बघणारे. आणि इथं गोव्यात? १९१० च्या गणतीत गोव्याची लोकसंख्या ४ लाख ८६ हजार होती. १९२१ ला ती ४ लाख ६९ हजार भरली. सतरा हजार माणसं कमी. पुढच्या दर गणतीत आकडा चढतच गेला, त्या एकाच खेपेला उतरला. त्यातले कितीतरी पोटासाठी मुंबई-आफ्रिकेला गेलेले, हे खरं. पण आजच्या भारताच्या हद्दीतही लोकसंख्या घटलेलं दशक तेवढं एकच आहे, १९११ ते १९२१, आणि तिथली घट काही बोटीनं आफ्रिकेला गेलेल्यांमुळे झाली नव्हती.

आमच्या घराण्याची वंशावळ काकांनी एका जाड कागदावर उतरवून काढलीय. वरपासून खाली फांद्या रुंदावत येतात. माझ्या पणजोबांच्या ओळीला आलं की मात्र मध्येच फांद्या नाहीत. भावांची नावं आहेत, त्यांच्याखाली रेघ नाही. काकांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "ते तरणेच गेले." पंच्याऐंशीचा माणूस गेला तर वंशावळीच्या कागदावर काही बदलत नाही, त्याच्याखालच्या रेघा आधीच काढून झालेल्या असतात. पंचविशीतला गेला तर तिथून खाली कागद कोरा. टक्क्यांना हा फरक कळत नाही, एक म्हणजे एक.

त्याच १९१८ ची आणखी एक गोष्ट. पॅसिफिकमध्ये सामोआ नावाची बेटं आहेत, काही तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात, काही अमेरिकेच्या. ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून 'तालुने' नावाची बोट न्यूझीलंडच्या सामोआत लागली. बोटीवर आजारी माणसं होती, तरी उतारू उतरवले. पुढच्या काही आठवड्यांत तिथली साधारण बावीस टक्के माणसं मेली. रुग्णांपैकी नव्हे हं, अख्ख्या लोकसंख्येपैकी. शेजारच्या अमेरिकन सामोआनं बोटी रोखून धरल्या होत्या. तिथं मृत्यू शून्य. आता या विषाणूचा मृत्यूदर किती लिहायचा, बावीस की शून्य? मला वाटतं मृत्यूदर हा जंतूच्या अंगचा गुण आहे ही समजूतच आपण सोडायला हवी. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, उदाहरण घ्या. उपचार नाहीत तिथं तीव्र पटकी निम्म्यांना नेते. मीठ-साखर-पाणी आणि वेळेवर सलाईन मिळालं तर शंभरात एकही जात नाही. जंतू जिथल्या तिथं आहे.

बोटींवरून आठवलं. गोव्यात बोटीवरच्या माणसाचं घर माहीत नाही असा माणूस नसेल. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' क्रूझ अडकली तेव्हा इथं घराघरांत टीव्हीसमोर लोक बसून होते, कारण त्या बोटीवर १३० च्या वर भारतीय कर्मचारी होते. संशोधकांना मात्र त्या बोटीत एक दुर्मीळ गोष्ट मिळाली: पक्का छेद. बोटीवर माणसं ३,७११, त्यातली जवळजवळ सगळी तपासली गेली. बाधित ७१२, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना चाचणीच्या वेळी काहीही होत नव्हतं. मेले तेरा-चौदा. झाले की नाही बरोबर दोन टक्के! पण क्रूझचे प्रवासी म्हणजे निवृत्तीचे पैसे खर्च करायला निघालेली साठी-सत्तरीची मंडळी. मेले ते त्यांच्यातले. खालच्या डेकवर बंकखोलीत राहून त्यांना जेवण पोचवणारी आमची पोरं तरुण होती म्हणून निभावली. सगळं वय सारखं करून हिशेब मांडला की तोच आकडा एका टक्क्याच्या बराच खाली येतो.

म्हणजे फार्मसीतल्या पोराचं म्हणणं एका परीनं बरोबरच होतं. त्याच्या वयाला दोन टक्केही नव्हते. पण त्याची आजी त्याच्याच घरी राहत होती.

मे २०२१ मध्ये गोव्यात जे झालं त्यावर मी लांबण लावणार नाही. दोन चाचण्यांमागे एक बाधित निघत होता. मृत्यू दिवसाला सत्तरच्या घरात गेले. ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. सकाळी वर्तमानपत्र आलं की मी निधनवार्तांचं पान उघडायची आणि फोटोंखालची वयं वाचायची. आधी एक्क्याऐंशी, शहात्तर असायचं. मग एकोणपन्नास, त्रेचाळीस यायला लागलं. पासपोर्टचे फोटो संपले, लोक लग्नातल्या फोटोंतून चेहरे कापून द्यायला लागले. एका फोटोत गळ्यातल्या हाराची कड तशीच राहिली होती.

शेवटी गोव्याची सरकारी बेरीज झाली ती बाधित अडीच लाखांवर, मृत्यू चार हजारांच्या आसपास. लोकसंख्या धरा पंधरा लाख. हजारी अडीचहून जास्त. देशाचा सरकारी आकडा सव्वापाच लाखांवर, म्हणजे हजारी अर्ध्याहूनही कमी. बाहेरचे नातेवाईक फोनवर म्हणायचे, "गोव्यात फारच वाईट झालं हो." वाईट झालंच. पण मी वहीत आणखी एक ओळ लिहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा किती जास्त माणसं मेली याचा अंदाज काढला तो ४७ लाखांचा. सरकारनं तो फेटाळला. तो धरला तर देशाचा आकडा हजारी साडेतीनच्या आसपास जातो आणि क्रम उलटतो. गोव्यात माणसं जास्त मेली की गोव्यात मेलेली माणसं जास्त मोजली गेली? माझा कल दुसरीकडे आहे. इथं जन्म, लग्न, मृत्यू रजिस्टरात घालायची सवय पोर्तुगीज काळापासूनची. मृत्यूचा दाखला नसेल तर भाटाचे, म्हणजे बागायतीच्या जमिनीचे, कागद अडतात, बँक अडते, पोर्तुगीज पासपोर्टचं काम अडतं. गोंयकार दुःख आवरून आठवड्याच्या आत पंचायतीत जाऊन उभा राहतो.

न मोजण्याची गोष्टही आमच्याचकडची आहे. १५४३ मध्ये गोवा शहरात पटकीची मोठी साथ आली. गाश्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकारानं ती डोळ्यांनी बघून लिहून ठेवली आहे. दिवसाला बारा, पंधरा, वीस माणसं जायची. माणूस मेला की चर्चची घंटा वाजवायची रीत, त्यामुळे घंटा दिवसभर थांबेना. लोक घाबरतात म्हणून शेवटी घंटा वाजवायला बंदी केली. त्याच वेळी गव्हर्नरानं एक मृतदेह उघडून आत काय झालंय ते बघायलाही लावलं. एकाच कारभारात एकीकडे कारण शोधायची धडपड, दुसरीकडे संख्या कानाआड करायचा हुकूम. २०२१ मध्येही दोन्ही गोष्टी मी एकाच आठवड्यात पाहिल्या.

वाहत्या साथीत काढलेला टक्का तर कधीच जसाच्या तसा घेऊ नये. २००३ मध्ये सार्सचा दर सुरुवातीला चारच्या आसपास सांगत होते, कारण इस्पितळात असलेल्यांचा निकाल अजून लागायचा होता. माणसं जात राहिली आणि दर साडेनऊवर पोचला. २००९ च्या स्वाइन फ्लूला नेमकं उलट झालं. मेक्सिकोहून आधी फक्त अत्यवस्थ रुग्णांच्या बातम्या आल्या, जग हादरलं. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तिथं मास्कसाठी रांगा लागल्या. माझी भाची तेव्हा तिथं शिकायला होती, आईनं तिला रातोरात बसनं घरी बोलावलं, म्हणजे साथीच्या गावातून आमच्यात आणलं. पुढे हिशेब लागला तेव्हा तो दर पाच हजारांत एक असा काहीतरी निघाला. घाबरणं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यातही जगभरात दीड ते पावणेसहा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि बहुतेक पासष्टीच्या आतली.

साधा, बिननावाचा, दरवर्षीचा फ्लू अजूनही वर्षाला तीन ते साडेसहा लाख माणसं मारतो. त्याच्यासाठी कुणी दुकान बंद करत नाही. आमच्याकडे तो पावसाबरोबर चढतो, म्हणून मी एप्रिल-मेमध्येच लस घेऊन टाकते. ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. वाड्यावरच्या चार बायकांना मी दरवर्षी सांगते, एक घेते. बाकीच्या म्हणतात, सर्दीला कसली सुई.

वहीतलं शेवटचं पान बर्ड फ्लूचं आहे. एच५एन१ ची बातमी आली की आमच्याकडे चिकनचा भाव पडतो आणि बांगड्याचा चढतो, कोंबड्यांचे ट्रक घाटावरून येतात ना. २००३ पासून जगात या विषाणूच्या माणसांतल्या ज्या केसेस नोंदल्या गेल्या त्यांत जवळपास निम्मे मेले. पण ही नोंद बहुतेक इस्पितळात पोचलेल्यांची. कोंबड्यांत काम करणाऱ्या किती जणांना तो नकळत होऊन गेला हे शोधायला त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासतात. समजा दहापैकी नऊ जण असेच निसटले असतील, तर निम्म्याचे होतात पाच टक्के. सुदैवानं तो अजून माणसातून माणसात सहज जात नाही. त्या पानावर मी पेन्सिलीनं लिहिलंय, शाईनं नाही.